संध्याकाळच्या गाडीचं चाळिसावं

रेल्वे फाटक, ब्रेस्तोवो
मंगळवार

प्रिय कुझमानभावजींना वासिल्कावहिनीचा आशीर्वाद. तुमची कंबर कशी आहे? ट्रकही ठणठणीत असेल. (त्याची चौकशी आधी केली असती तर तुम्हाला जास्त आवडलं असतं.) इकडे मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या, मी बरी आहे. तुमच्या थोरल्या बंधूंना, रांगेलना, मात्र बरं म्हणावं की नाही, ते तुम्हीच वाचून ठरवा.

ईस्टरच्या जेवणात तुम्हा दोघांचं कसं वाजलं ते आठवतं ना? तुम्ही म्हणालात, रिकामी बाकडी ओढायला सरकार आमच्या करातून पैसे देतं. रांगेल म्हणाले, तुमच्या ट्रकनं रस्ता खचला की डांबर सरकारचं, आणि आमची गाडी रुळांवरून गेली की प्रत्येक फेरीचं शुल्क गाडीच्या माथी. वर आडवा आलाय तुमचा रस्ता, तरी फाटक आणि फाटकवाला आमच्या खर्चानं! (कोकराची तंगडी मात्र दोघांनी सारखी वाटून खाल्लीत, तेवढाच न्याय त्या दिवशी झाला.) शेवटी जिंकलात तुम्हीच. शुल्क परवडेना म्हणून संध्याकाळची गाडी बंद झाली, फाटकाचा दांडा काढून नेला, यांना घरी बसवलं.

हे कसले घरी बसतात! माणूस गेला की दारावर, खांबावर आपण त्याचा फोटो छापून पत्रक लावतो, तसं यांनी गाडीचं लावलं. गाव हसलं. गेलेल्या माणसाला निरोप देतात तसे चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू साखर घालून फलाटावर वाटले, रुळांवर वाइन ओतली. (पाद्रीबाबा आले नाहीत, गहू मात्र मागवून घेतले.) इथवर सगळी थट्टाच होती. पण निरोप देताना 'देव क्षमा करो' म्हणायचं, तर यांनी जन्माच्या सवयीनं गुंडाळलेलं निशाण पुढे धरलं. म्हणजे, वाट मोकळी आहे, या. शेजारच्या स्टानाआजींच्या हातातला चमचाच गळाला. "अरे मेल्या, निरोप द्यायचा सोडून बोलावतोस काय तिला!"

त्या संध्याकाळपासून ती येते. मला दिसत नाही, खरं तेच सांगते. पण आधी कुत्रा पलंगाखाली शिरतो, मग कपाटातले पेले किणकिणतात, मग दारावरून वारा जातो आणि त्याला ब्रेकचा जळका वास असतो. रुळांवर एव्हाना गंज चढायला हवा होता, ते लखलखताहेत. रेल्वेच्या कचेरीतून एक साहेब येऊन गेले. पेले वाजलेले त्यांनीही ऐकले, चेहरा पिठासारखा झाला, तरी म्हणाले, "मेलेल्या गाडीला शुल्क लावायची तरतूद नाही." हे म्हणाले, "मग आत्ता कुठे ट्रकशी बरोबरी झाली!" किती दिवसांनी हसले हे.

मला हसू येत नाही, भावजी. दांडा नाही म्हणून हे स्वतःच रस्त्यात हात पसरून उभे राहतात, आणि तुमचे ट्रकवाले शिव्या घालत बाजूनं काढतात. मला फार भीती वाटते. जाऊबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
वासिल्का

ता. क. तुमच्यासाठी मिरच्यांच्या बरण्या बांधून ठेवल्यात. शनिवारी न्यायला या.

दुसरा ता. क. बरण्यांचं निमित्त आहे. मागच्या शनिवारी ज्याचा आरसा यांच्या कोपराला घासून गेला, तो लाल ट्रक तुमचा होता. हे म्हणतात, नव्हता. कोपर अजून सुजलंय. याल तेव्हा फाटकाशी थांबा. दोन्हीकडे काही दिसलं नाही तरी थांबा.

शेवटचा ता. क. यांना डब्यातली माणसं दिसतात. काल खिडकीशी मामंजी होते, पुरलं तेव्हाच्याच कोटात. शेजारच्या जागेवर टोपी टाकून ठेवली होती. यांनी ओरडून विचारलं, "बाबा, जागा कोणासाठी धरलीय?"

मामंजी म्हणाले, "धाकट्यासाठी. तो रस्त्यानं येतोय, लवकर पोचेल."