सराव केंद्राबाहेरची दुखापत

प्रिय लॅव्हेल,

मालकांनी टाळं ठोकलं, की आपण साडेचारशे बास्केटबॉल खेळाडू आपल्याच घरात परके होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. बारा वर्षांपूर्वीच्या टाळेबंदीत सेंट लुईसच्या सराव केंद्राच्या त्याच दारापुढे आपण दोघं कार्ड लावून बघत होतो आणि दार उघडत नव्हतं. तू दाराला लाथ घातलीस, आणि पुढचे पाच महिने खेळाडू संघटनेच्या वतीने असा भांडलास, की मालकांचे वकील तुझं नाव काढलं तरी पाणी मागायचे. यंदा एक जुलैला माझं कार्ड चालेना, तेव्हा पहिली तुझी आठवण झाली. मग ध्यानात आलं, या वेळी टाळं घालणाऱ्यांत तू आहेस. मालकीतला तुझा वाटा शंभरातला एक, पण बोलणी चालतात त्या न्यूयॉर्कच्या हॉटेलात ते तुला टेबलाच्या मधोमध बसवतात. समोर आपलाच माणूस दिसला, की आमची पोरं मवाळ होतील, हा त्यांचा हिशेब. पोरं मात्र तू तिथे तोंड उघडत नाहीस हे बघून मला कोपरानं ढोसून विचारतात, "तुमच्या भावाला बोलायचे वेगळे पैसे पडतात काय?"

आई बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण रविवारचं चर्च चुकवत नाही. तू टेबलाच्या पलीकडे बसतोस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पीचचं गोड कॉबलर केलं, की ती अजून तुझ्या नावाचा तुकडा झाकून ठेवते, आणि सोमवारी तो मी खातो. गेल्या सोमवारी मी तो तसाच झाकून ठेवला.

टेव्हॉनला तू ओळखत नसशील. मिसिसिपीचा, बावीस वर्षांचा, बाकावरचा शेवटचा खेळाडू. मला काका म्हणतो. टाचेमागची शीर तुटली म्हणून वीस जूनला संघाच्याच डॉक्टरांनी त्याचं ऑपरेशन केलं. अकरा दिवसांनी टाळेबंदी लागली आणि त्या क्षणापासून डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक, कुणी त्याच्याशी अक्षर बोलायचं नाही, बोलले तर संघाला दंड. एकदा दुकानात त्याला सहायक प्रशिक्षक दिसला. त्या माणसानं सामानाची भरलेली ढकलगाडी जागच्या जागी सोडली आणि दाराबाहेर पळाला. टेव्हॉन हसत सांगत होता, "काका, मी लंगडत होतो म्हणून वाचला तो, नाहीतर गाठलाच असता." मला हसू आलं नाही.

ऑगस्टमध्ये आपल्या फिजिओचा, मिस ग्लेंडाचा, निरोप आला होता. तिच्या बहिणीच्या फोनवरून, भीत भीत. "पोराला माझ्याकडे पाठव, त्याची टाच अशी सोडून चालणार नाही." आणि मी, खेळाडूंचा प्रतिनिधी, मी नको म्हणालो. हे बाहेर फुटलं तर बोलणी फिसकटतील आणि तिचीच नोकरी जाईल, असं शहाणपण मी तिला शिकवलं. टेव्हॉन बिचारा इंटरनेटवरचे व्यायाम बघून एका शाळेच्या जिममध्ये एकटाच धडपडत राहिला. सप्टेंबरात तो चेंडूसाठी उडाला आणि खाली येताच मागे वळून ओरडला, "लाथ कुणी मारली?" मागे कुणीच नव्हतं. शीर पुन्हा तुटली होती.

आता तुमचा नव्या कराराचा मसुदा. सगळ्यांचे डोळे उत्पन्नाच्या वाटणीवर. वर्तमानपत्रं लिहितात, श्रीमंत लोक श्रीमंतांशी भांडतायत, लिहू देत. मी पानन् पान वाचतो, तुला ठाऊक आहे, बसमध्ये सगळे पत्ते खेळायचे तेव्हा मी काय करायचो ते. एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलंय, की टाळेबंदीच्या काळात सराव केंद्राबाहेर झालेली किंवा बळावलेली दुखापत ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी राहील आणि संघाला त्याचा करार रद्द करता येईल. तेही एक जुलैपासून मागे जाऊन. अरे, केंद्राला टाळं कुणी लावलं? बरं करणाऱ्यांची तोंडं कुणी शिवली? दाराबाहेर तुम्ही काढायचं, आणि वर विचारायचं, की तू बाहेर का पडलास? कुठल्या तोंडानं? तीन वर्षांचा करार हातात आला म्हणून त्या पोराच्या आईनं मासे सोलण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. तिला कोण सांगणार, तू?

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, टेबलावरच बोललो असतो. त्या कलमाला एक शेपूट आहे: संघाच्या कर्मचाऱ्याने खासगी जागेत चोरून उपचार केले असतील, तरी ते धरले जाणार नाहीत, आणि त्या कर्मचाऱ्याला काढून टाकलं जाईल. हे वाक्य वकिलाला सुचणारं नाही. टाळेबंदीत असे उपचार होतात, हे त्यांना स्वप्नातही माहीत नव्हतं. माहीत होतं तिघांनाच. मागच्या टाळेबंदीत तुझा गुडघा गेला होता, मिस ग्लेंडा सहा आठवडे आईच्या चर्चच्या तळघरात जेवणाच्या टेबलावर तुला निजवून तो वळवत होती, आणि मी जिन्यात राखण करत उभा होतो. त्या गुडघ्यावर तू पुढे आठ वर्षं खेळलास, त्याच कमाईतून तुझा हा शंभरातला एक वाटा आला. तळघराबद्दल मी कुणापाशी बोलणार नाही. ग्लेंडाची निवृत्ती एका वर्षावर आली आहे. तिला नको म्हणालो, हा माझा गुन्हा, तो मी टेव्हॉनसमोर कबूल केला आहे. तुझा तू निस्तर. गुरुवारी सकाळी दहाला बैठक आहे. वकिलांनी तोंड उघडायच्या आधी उभा राहा, एक्केचाळिसावं पान काढ, आणि सगळ्यांसमोर सांग, की हे कलम मी लिहिलं आणि मीच मागे घेतो.

गुरुवारपर्यंत तरी तुझाच,
ऑरिन