आबांचं बांबूचं बेट

लालबाग, १० मार्च १९८४

ती. आईस धाकूचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आबांनी लावलेलं बांबूचं बेट फुलून वाळतंय, त्याला अपशकुन समजू नकोस. चीनमध्ये डोंगरच्या डोंगर असे वाळलेत, पेपरात आलंय. तिथली पांडा अस्वलं बांबूवरच जगतात. पूर्वी ती पलीकडच्या डोंगरावर जायची, आता मध्ये शेती झालीय. काही जागेवरच उपाशी मेली.

आबाही गिरणीचा संप मिटायची वाट बघत इथे खोलीतच वारले. मी सोमवारपासून भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या उचलतोय. शेजारचे कोंडीरामकाका म्हणाले, "बापाचा गिरणीतला साचा सोडलास काय रे?" तू रागावणार नाहीस ना?

बांबूचं बी उंदरांच्या आधी गोळा कर. जुन्या जागी हल्ली ऊन फार तापतं. ओहोळापलीकडे पेर.

तुझा,
धाकू