अंगणातली जीप

२ एप्रिल १९८७

जीप विकायची ठरली. मला विचारलं नाही कुणी. ठरलं ते फक्त सांगितलं.

मुखरूभाऊ आले होते गडचांदूरहून — ह्यांचे मोठे भाऊ, तिथं सिमेंट कारखान्यात आहेत. येताना संत्री आणली. ह्यांच्या बाजेवर बसून स्वतः सोलली, एकेक फोड ह्यांच्या तोंडात घातली. मग सासूबाईंशी बोलत बसले. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकू येत होतं. बल्लारपूरचा एक ग्राहक आहे, १९ तारखेला रविवारी येणार. जीप गेली की आम्ही तिघांनी त्यांच्याकडे गडचांदूरला राहायला जायचं. मागची पडवी रिकामी आहे. जाऊबाईंना घरकामाला माणूस लागतेच, असं सासूबाई म्हणाल्या. भाऊ संत्र्याची सालं गोळा करत राहिले.

जाताना मला म्हणाले, "मूल गावचा मिस्त्री येत नाई म्हणते. तूच करून पाह्य. देवरावच्या हाताखाली करतच होतीस ना? ग्राहकाले चालू गाडी दिसली पाहिजे."

म्हणजे जी गाडी गेल्यावर मला हे घर सोडायचं आहे, ती मीच चालू करून द्यायची.

३ एप्रिल

भाऊ वाईट असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. दिवाळीत ह्यांना लकवा मारला तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात तेच उशाशी बसून होते. जीपचे कागदही त्यांच्याच नावावर आहेत. जंगल खात्याच्या लिलावात बोली त्यांनी लावली होती, हे फक्त चालवायचे. आमच्या पोंभुर्ण्याहून मूल, कधी चंद्रपूर. बाजाराची माणसं, बाळंतिणी, वऱ्हाडं. मी मागं बसून किती वेळा गेले असेन! वाटेत बंद पडली की हे बॉनेटमध्ये शिरायचे आणि मी पाने हातात द्यायची. कुठला पाना कधी लागतो ते मला न सांगता कळायचं.

दिवाळीपासून ती अंगणात उभी आहे. हे बाजेवर आडवे आहेत. मी दोघांच्या मध्ये.

५ एप्रिल

मोहफुलं पडू लागली. पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन गेल्या. मी दारातून पाहिलं.

६ एप्रिल

आज हात लावला शेवटी. ह्यांची बाज ओढून ओसरीच्या कडेला आणली, म्हणजे त्यांना दिसेल.

ह्यांचा उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलणंही गेलं. "हो", "नाई", "पाणी" आणि एक शिवी, एवढंच स्पष्ट येतं. बाकी सगळं डाव्या हाताच्या बोटानं बाजेच्या लाकडी माचव्यावर ठोकून. एकदा ठोकलं की बरोबर. भराभर ठोकलं की चुकलं.

आधी हवेचा फिल्टर काढला. इंजिन श्वास घेतं तो इथून. खाली तेलाची वाटी असते, रस्त्याची सगळी धूळ त्या तेलात बसते. उघडून पाहिलं तर तेल कुठं होतं! काळा चिखल. वाळून भेगा पडलेला. एवढ्या चिखलातून हवा ओढत होती बिचारी! चमच्यानं खरवडला, जाळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. हातांचा वास साबणानंही गेला नाही. सासूबाईंनी माझ्या हातची भाकर खाल्ली नाही, स्वतः थापून घेतली. बाईमाणसानं गाडीच्या पोटात हात घालावा का, हे त्या मला नाही, चुलीला विचारत होत्या. मुखरूभाऊंनीच सांगितलं म्हटल्यावर गप्प बसल्या.

हे मात्र खुशीत. दिवसभर ठोकाठोक. मला राग आला. विकायची एवढी हौस?

७ एप्रिल

जाळी धुतली, वाळवली. नवं तेल भरलं. चालू होत नाही. हॅण्डल मारून खांदा भरून आला.

९ एप्रिल

कार्बोरेटर उतरवला. नट कुठला कुठं लागतो ते विसरेन म्हणून ताटात ओळीनं मांडून ठेवले. आत पेट्रोल आटून पिवळी साय धरली होती, गुळाच्या पाकासारखी. त्याच्या तळाशी जेट — पितळेचं बोटाच्या पेराएवढं नळकांडं, त्याला केसाएवढं भोक. इंजिनात पेट्रोल जातं ते त्या भोकातून. ते पार बुजलेलं.

मी झाडूची तार घेतली तर ह्यांनी एवढं जोरात ठोकलं की बाज हलली. वर शिवी! मग आठवलं — तार घातली की भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पीत सुटते. पेट्रोलमध्ये भिजवायचं आणि फुंकायचं. फुंकून फुंकून डोळ्यापुढं अंधारी आली. शेजारच्या बुधरीनं तिच्या घरचा सायकलचा पंप आणून दिला. बुधरी गोंडाची, माझ्याच वयाची. मोहाचं टोपलं डोक्यावर तसंच घेऊन उभी राहिली आणि विचारलं, "हे चांगलं झालं की तुले इथून जा लागंन नं बाई? मंग काऊन करून राह्यली?"

मी पंप मारत राहिले. जेट उन्हाकडं धरलं तेव्हा भोकातून उजेडाचा एक ठिपका दिसला. खरं सांगते, तेवढ्यापुरतं सगळं विसरले.

१२ एप्रिल, रविवार

चालू झाली!

चोक ओढला, हॅण्डल मारलं, एकदा खोकली, दुसऱ्यांदा काळा धूर, आणि मग धरलं. सगळं अंगण थरथरलं. कोंबड्या पळाल्या. बुधरी धावत आली, गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली. ह्यांच्याकडं पाहिलं तर डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाची एकच बाजू हसते आहे. मीही हसले. किती दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो!

सासूबाई म्हणाल्या, "चला, आता विकंल."

मी जाऊन इंजिन बंद केलं.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं, नेसले आणि घरातल्या घरात फोटोला हार घातला. सासूबाई विहारात गेल्या. ह्यांना एकटं टाकून मी कशी जाणार? मिरवणूक वळणावरून गेली, आवाज लांब गेला. हे झोपले होते.

डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. तेच लुगडं कमरेला खोचलं, पाना घेतला आणि जेट काढलं. पदराच्या गाठीत बांधलं. सगळं मिळून वाटाण्याएवढं वजन. पण आता रविवारी ग्राहक येवो की आणखी कुणी येवो, जीप हलणार नाही.

१५ एप्रिल

दिवसभर गाठ चाचपत होते. मला आता भाऊंची भीती नाही, मागच्या पडवीची आहे. एकदा त्या पडवीत गेले की माझं बाहेर येणं नाही. तिथं कुणी मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही. फक्त दुसऱ्याच्या चुलीपाशी म्हातारी होईन.

१६ एप्रिल

ह्यांनी ओळखलं.

भरवताना डाव्या हातानं माझा पदर धरला. गाठीवर बोट ठोकलं. मग जीपकडं दाखवलं. पुन्हा गाठ, पुन्हा जीप. मी न कळल्यासारखं केलं तर ताटली ढकलून दिली. भात सांडला.

मी बोलले मग. दिवाळीपासून बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, तुमचं काय, तुम्हाला इथं बाज आणि तिथंही बाज. तुमची आई आहे, भाऊ आहे. माझं तिथं कोण? तुम्हाला जायचंच आहे ना, तर तोंडानं म्हणा एकदा.

मग पुन्हा बोट — जीप.

ठीक आहे. भात गोळा केला, हात धुतले आणि जेट होतं तिथं बसवलं. आवळून बसवलं. हॅण्डल मारलं, चालू झाली, बंद केली. सामानाची पेटी काढली.

आपला माणूसच आपला नाही म्हटल्यावर गाठीत काय बांधून ठेवायचं!

१८ एप्रिल

उद्या ग्राहक. सकाळी सासूबाई मोहाला गेल्यावर बुधरी आली. मी बसते ह्यांच्यापाशी, तू एक टोपलं वेचून ये म्हणाली. शेवटचं म्हणून गेले. झाडाखाली पिवळा सडा पडला होता. वेचणं कमी, बसणंच जास्त झालं. परत आले तर बुधरी अंगणात घाम पुसत उभी होती, हे झोपलेले.

भांडी बांधली. ह्यांच्याशी बोलले नाही.

१९ एप्रिल, रविवार

काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. जसं झालं तसं लिहिते.

भाऊ ग्राहकाला घेऊन आले. जाडजूड माणूस, कोळशाच्या खाणीवर माणसं ने-आण करायला गाडी हवी होती. टायर पाहिले, खालून वाकून पाहिलं. गाडी आवडली होती. भाऊंनी हॅण्डल मारलं.

नाही झाली.

चोक ओढून मारलं. चोक सोडून मारलं. साधं खोकलीसुद्धा नाही! मी पुढं झाले, फिल्टर उघडून दाखवला, स्वच्छ. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येत होतं, नळी काढून दाखवली. तीनच दिवसांपूर्वी चालू झालेली गाडी! ग्राहकानं स्वतः मारून पाहिलं, शर्ट भिजला त्याचा. मग हसला आणि म्हणाला, याच्यापेक्षा बैल बरा. चहासुद्धा न घेता गेला.

भाऊ माझ्याकडं वळले. "तूनंच केलं हे."

मी नाही म्हटलं. आणि खरंच नव्हतं केलं! खोटं बोलायची तयारी करून ठेवली होती तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आज खरं बोलले तर कुणाला पटेना. सासूबाई नको नको ते बोलल्या. भाऊंचा चेहरा रागानं नाही, थकून उतरला होता. ह्यांच्या उशाशी उभे राहून म्हणाले, "देवराव, मी माह्यानं होते तेवढं केलं. आता गाडीबी ठेवा, घरबी ठेवा. मले पुन्हा बोलावू नका." ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एसटी धरायला गेले.

मला आनंद व्हायला हवा होता. पण भीतीच वाटते आहे. मी बसवलेलं काहीतरी चुकलंच असणार.

२० एप्रिल

सकाळी, दोन दिवसांनी, ह्यांचं अंग पुसायला घेतलं. दोन्ही गुडघे सोललेले. कोपरही. विचारलं तर उशीखालून डावी मूठ पुढं केली आणि उघडली.

रोटर! डिस्ट्रीब्यूटरच्या टोपीखाली फिरतो तो काळा तुकडा. हा काढला की ठिणगी पुढं जातच नाही, कितीही हॅण्डल मारा.

बुधरीला हाक मारली. ती कुंपणापलीकडून म्हणाली, मी फक्त उभं राहाले खांदा दिला, बाकी अंगणभर तेच सरपटत गेले. जेट तुझ्या पदरात असतं तर तू सापडली असतीस, म्हणून त्यांनी ते परत बसवायला लावलं — हे त्यांच्या बोटाच्या खुणांवरून तिला कळलं होतं, मला नाही.

ह्यांनी रोटर माझ्या हातात ठेवला. तोंड वाकडं करून, जोर लावून दोन शब्द काढले. दिवाळीपासून नवे.

"तू… शिक."

सासूबाई मोहफुलं वेचायला गेल्या आहेत. बाज अंगणात आणली आहे, जीपच्या अगदी जवळ. रोटर परत बसवला, आणि हे मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहिते आहे. ते पत्र्यावर बोट ठोकताहेत — लवकर, लवकर.