पुरींची समाधी नेमकी कुठली

४ जानेवारी १९५८, बोर्ली पंचतन

रंगूबाईंनी आजही दाद दिली नाही. चौथा हेलपाटा! नवरा एवढा कादंबरीकार — दत्तात्रेय पुरींचं नाव मुंबई-पुण्यात आदराने घेतात — आणि बायको त्यांची समाधी दाखवत नाही! गोसावी लोक, दहन करत नाहीत, आपल्याच वाडीत पुरतात. आंब्याखाली, कुंपणाशी मिळून पाच उंचवटे. एकावरही दगड नाही. "यांतली त्यांची कुठली?" तर म्हणे, "मास्तर, ताक घ्या." ताक कसलं घ्या! मुंबईच्या स्मारक समितीचं दर आठवड्याला पत्र. इथला चिटणीस मी, म्हणून बोलणी मी खायची.

या गावाला पुरी कोण हे मीच दाखवलं ना! ते गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी गणपतीत चार दिवस देवळात त्यांची कादंबरी वाचली. आईच्या कुशीत तान्हं मूल गुदमरतं त्या प्रकरणाला बायका मुसमुसत होत्या. एकट्या रंगूबाई मध्येच उठून गेल्या. नवऱ्याचं मोठेपण कळायलाही नशीब लागतं.

११ जानेवारी

त्यांचे दीर धर्माजी भेटले. "वैनी सांगंल तवा. माज्या तोंडून न्हाय." घराणंच हट्टी!

१९ जानेवारी

दाखवली! कुंपणाजवळचा लांबट उंचवटा. नुसतं बोट केलं आणि आत गेल्या. मुंबईला तार ठोकली. सुटलो बुवा!

२ फेब्रुवारी

अध्यक्ष आले. हार घातला, भाषण केलं, डोळे पुसले. दगडाचं माप घेतलं — लांबी सहा फूट, संगमरवर. रंगूबाई दारात, तोंडाला पदर लावून. रडत असाव्यात.

३ फेब्रुवारी

अब्रू गेली! धर्माजी शाळेत आले ते हसून हसून ठसका लागलेले. "मास्तर, आमा गोसाव्यांना बसवून पुरतात, मांडी घालून. आमच्यात आडवं कोन न्हाय. त्यो लांबडा वैनीच्या म्हशीचा!"

म्हशीला हार! अध्यक्ष म्हशीपुढे रडले! सहा वर्षं या गावात राहतो आणि एवढं साधं कुणाला विचारलं नाही.

तसाच वाडीत गेलो. काय काय बोललो ते लिहायचीही लाज वाटते. "नवऱ्याच्या नावावर माती टाकलीत," असंही म्हणालो. रंगूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"मी येकदाच सांगितलं व्हतं त्यांना. त्यांनी लिवलं. लिवू दे! मला वाचता येत न्हाय, गावाला येत न्हाय. पोर माज्या अंगाखाली गेल्याचं देवळात मोठ्यानं वाचलंत तुमी, मास्तर. गावानं वळखलं. तवापासनं कुनी आपलं तान्हं माज्या मांडीवर देत न्हाय."

मग त्या उठल्या, मला आंब्याखाली घेऊन गेल्या. एक गोल उंचवटा. त्याला चिकटून दुसरा, वीतभर.

"लेकराजवळ बसवा, बोल्ले जाताना. आता हितं हार घेऊन लोक आनणार तुमी?"

मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

५ फेब्रुवारी

समितीला पत्र टाकलं. समाधी कुंपणाजवळचीच. माप बरोबर आहे. दगड लवकर पाठवावा.