न प्यायलेली कॉफी

१४ जून

सात पेट्या जळाल्या! मधमाश्यांसकट. पुलापलीकडच्या अबू निदालचा नातू कुतैबा काळ्या हातांनी तिथेच सापडला. पंधरा वर्षांचा. विचारलं तर तोंडातून शब्द नाही. जाऊ दे सुधारगृहात. कुलूप लागलं की येईल अक्कल.

१९ जून

न्यायालयातून रुला बाई आल्या. अशा मुलांवर देखरेख ठेवतात. तुम्ही कबूल झालात तर न्यायाधीश त्याला कोंडणार नाहीत, तीन महिने तुमच्याच पेट्यांवर कामाला पाठवतील, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या माश्यांनी कोणाचं घोडं मारलंय? चहा न घेताच गेल्या.

२२ जून

अबू निदाल गावातली सहा वडीलधारी माणसं घेऊन आला. कॉफी दिली. त्याने पेला जमिनीवर ठेवला. शब्द मिळाल्याशिवाय ओठाला लावायचा नाही, ही रीतच. कॉफी निवत चालली.

"अबू अदनान," म्हातारा मला म्हणाला, "पोराला कोंडलं तर तिथून दुसराच कोणी तरी घरी येईल."

राग होताच. पण तो भरलेला पेला बघवेना. बोलून गेलो, "घ्या कॉफी. पोरगा तुमच्या घरीच राहील."

हे बोलायला एवढा वेळ लागतो का, असं बायको नंतर म्हणाली. तिचं नेहमीचंच!

१ जुलै

पोरगा पेट्यांवर वेळेवर येतो. आज तीन डंख. रडला नाही.

२७ जुलै

हात काय हलका आहे त्याचा! पोळ्याची चौकट उचलतो तर एक माशी उठत नाही. नव्या पेट्या त्यानेच ठोकल्या. बायको रोज झातरचा मसाला लावलेली रोटी खाऊ घालते, वर बजावते, सांडू नकोस. माझ्या मुलाचा, अदनानचा सुहैब मात्र, आमचा सख्खा नातू, सुट्टीभर अम्मानला मामाकडे जाऊन बसलाय. दोघं शाळेत एका बाकावर असतात म्हणे. कुतैबा एवढंच बोलला आणि पुढच्या पेटीकडे वळला.

२९ ऑगस्ट

मध काढला. पहिला चमचा पोराला दिला. मी मजेत आहे, खरंच. रुला बाईंनीही आज चहा घेतला, दोनदा.

३ सप्टेंबर

शाळा सुरू झाली, सुहैब परतला. संध्याकाळी दारातच उभा राहिला.

"आजोबा, सिगारेट माझी होती. गवत पेटलं तसा मी पळालो. कुतैबा विझवायला थांबला."

रुला बाईंना लगेच फोन करून सगळं सांगितलं. जूनचं ते पान आता वाचवत नाही. लाज वाटते.

४ सप्टेंबर

तीच सहा माणसं घेऊन अबू निदालकडे गेलो. सुहैब मागे, मान खाली. कॉफी कुतैबानेच ओतली. मी पेला जमिनीवर ठेवला.