तुझ्या दुर्बिणीची खुशाली

सात रस्ता, सोलापूर
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय हेमावती,

घाबरत घाबरतच नमस्कार. कंबर कशी आहे? रक्तदाब? (वाढला असेल तर गोळी घेऊन मगच पुढं वाच.) फोनच करणार होते, पण शाळेत तू मॉनिटर होतीस आणि तुझा आवाज ऐकला की मी अजून उठून उभी राहते.

ताऱ्यांचे फोटो काढायला स्वतःचं सामान घेईपर्यंत सरावाला तू दुर्बीण दिलीस, त्याबद्दल आभार. सामान बघायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणतो, "आजी, नातवाला भेट द्यायची का?" मी म्हटलं, "नातू नाही. पेन्शन आहे." मग त्यानं माझ्याएवढी उंच नळी पुढं केली. बघायला ठीक; पण फोटोसाठी दुर्बीण ताऱ्यांमागोमाग फिरायला हवी, नाहीतर ठिपक्यांच्या शेवया होतात. म्हणजे आधी फिरता स्टँड. भक्कम घ्यावा तर अठरा किलोचा! (गच्चीवर कोण नेणार? आमच्या ह्यांना वर्तमानपत्र उचलताना उसण भरते.) जिन्यात मी त्याखाली सापडलेली मला रोज स्वप्नात दिसते. शेवटी दीड किलोचा छोटा फिरता स्टँड (त्याला ट्रॅकर म्हणतात) ठरवला. तो जेमतेम पेलेल अशी हलकी दुर्बीण माझ्या पाहण्यात एकच, तुझी.

आता मन घट्ट कर. खंडेनवमीला घरात विळी, स्कूटर, ह्यांचा पाना, सगळ्याची पूजा झाली. आमची चिमाबाई (धुणीभांडी करते, शिवाय माझ्यावर राज्य) हिनं तुझ्या दुर्बिणीलाही हळदकुंकू वाहिलं. नळीला नाही, हेमा. भिंगाला. ओलं कुंकू, वर अक्षता. आता वाळून पक्कं बसलंय. पुसावं तर चरे पडायची भीती, न पुसावं तर तुझी. वर चिमाबाई म्हणते, "राखेनं घासते की बाई, लई झाक निगंल!" तेव्हापासून दुर्बीण कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. भांडी घासल्याचा आवाज आला तरी मी उठून धावते. मी कॉन्व्हेंटात शिकलेली बाई. असले प्रकार मी करत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझी,
सिद्धेश्वरी

ता. क. रविवारी दुर्बीण न्यायला येणार होतीस. येऊ नकोस. आहे तशी मलाच विकून टाक. तू म्हणशील ती किंमत.

आणखी ता. क. खंडेनवमीला चिमाबाई अक्कलकोटला लेकीकडे होती. कुंकू मी लावलं. भिंगावर झाकण होतं. पण पूजा नुसती झाकणाला पोचेल आणि दुर्बीण तशीच राहील, या भीतीनं मी ते काढलं.