येऊन राहिला

६ नोव्हेंबर
काटोलचं घर बंद करून आज जितेंद्रकडे कायमचा राहायला आलो. मिहानजवळ सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, हवा छान. सून सोनिकाने पोहे केले, वरून तर्री. नात उन्नतीने मला कोरी वही दिली. ती नऊ वर्षांची, पुण्यात वाढली, बोलते पुस्तकासारखं. म्हणाली, आबा, पुढच्या पानांवर रोजनिशी लिहा आणि मागच्या पानांवर आपण एक मुलूख रचू. मी सातवी नापास. तरी मजा वाटली.

८ नोव्हेंबर
मुलुखाचं नाव चालगाव. तिथं घरं चालतात आणि माणसं जागेवर उभी असतात. नकाशा उन्नतीने रंगवला. एकाचं घर त्याला टाकून निघून गेलं, म्हणून तो एकटाच फिरतो. त्याचं नाव लांबोडा. उभा राहिला की डोकं छताला लागतं. सोनिका म्हणाली, मामाजी, काहून पोरीले भेव दाखवून राहिले? मी हसलो. दाराची कडी मात्र दोनदा पाहून आलो.

१० नोव्हेंबर
आज मागच्या पानावर लिहिलं : लांबोडा उन्नतीच्या घरी येऊन राहिला. उन्नती पोट धरून हसली. म्हणाली, आबा, येतोय असं लिहा ना, येऊन राहिला म्हणजे आला आणि राहिला! मी म्हटलं, आमच्याकडे येतोय यालाच येऊन राहिला म्हणतात. खोडणार होतो. राहून गेलं.

१२ नोव्हेंबर
उन्नतीच्या पलंगाच्या बरोबर वर, छताला, तेलकट डाग पडलाय. डोकं टेकल्यासारखा. जितेंद्र म्हणतो, बाबा, स्लॅब झिरपून राहिला, तुम्ही उगाच मनाले लावून घेता. पण डागाला केसांच्या तेलाचा वास येतो. लांबोडा येऊन राहिला लिहिलं होतं ते पान फाडून जाळलं. परत येऊन पाहिलं तर डाग माळ्याजवळ सरकला होता.

१३ नोव्हेंबर
उन्नती म्हणते, तो माळ्यावर अंगाची घडी करून बसतो. तिला म्हणाला, माझं घर सापडलंय, तुला घेऊन जाणार. हे तिने पोळी खाताखाता सांगितलं.
तिला नजरेआड होऊ देणार नाही. मागच्या पानावरचं खरं होतं, म्हणून तिथंच लिहून टाकलं : उन्नती माझ्याजवळ बसून राहिली.

१४ नोव्हेंबर
सकाळपासून ती उठत नाही. पाय हलत नाहीत. जितेंद्रने उचलून पाहिलं, दगडासारखी. तो डॉक्टरला आणायला गेलाय. सोनिका स्वयंपाकघरात रडते. मी काय लिहिलं ते सांगायची छाती होत नाही— मला म्हणायचं होतं, बसलीय. एवढंच. बसून राहिली म्हणजे— पोरीने सांगितलं होतं तरी— माझी जीभच तशी—
माळ्याचं दार उघडं आहे.

१४, दुपार
लिहिलं : उन्नती उठली. उठली! पण माळ्याकडे चालते आहे— हाक मारतो, वळत नाही— वरून हात खाली आलाय, लांब, कोपरच येत नाही, नुसता हात—
तिला आईजवळ पाठवतो. लिहूनच पाठवतो. नुसतं गेली नको, देवा, नुसतं गेली म्हणजे मेली. आईजवळ आधी, गेली नंतर. पुस्तकासारखं. नीट. त्याने तिची वेणी धरली— लवकर—
उन्नती गेली आ